पाट्याचा जोड

माझी बढाई मलाच नडली, दुसरं काय! आष्टीत माझं वेल्डिंगचं दुकान. धाकट्या बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, सांजच्याला ट्रॉली घेऊन आल्ते. ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याला तडा गेल्ता, आन् सकाळी बायालेकरं भरून जांबला दर्शनाला जायचं होतं. जल्दी करा, जल्दी करा, म्हणून त्यांनी डोकं खाल्लं. मी म्हणलं, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा लावतो, त्याच्यासारखं कडक पोलाद न्हाई, खुशाल हत्ती बांधा.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सांगायचे, पाटा आधी तापव, जोडल्यावर गरम राखेत दाबून सावकाश निवू दे, न्हाईतर कडक पोलाद काचेवानी तडकतं. राखेला वेळ कुणाला! जोड मारला आन् वरून बादलीभर पाणी ओतलं. नेहमी तसंच करायचो.

सकाळी दुकान झाडताना त्याच पाट्याचा उरलेला तुकडा दिसला. काल वेल्डिंगचा रॉड बसतो का बघायला त्याच्यावर टाका मारून पाण्यात बुडवला होता. आता टाक्याच्या कडेनं केसासारखी रेघ होती. एका अंगाला खडू घासला, दुसऱ्या अंगाला डिझेल लावलं. घडीभरात खडूवर ओली रेघ उमटली. तडा आरपार गेल्ता. म्हणजे ट्रॉलीचा जोडबी तसाच.

ट्रॉली कवाच निघाली होती. दाजी फोन उचलत न्हाईत. ट्रॅक्टरच्या आवाजात काय ऐकू येणार? मोटरसायकल काढली. प्रत्येक वळणाला वाटायचं, पुढं ट्रॉली उलटी पडलेली दिसंल आन् खाली माझी बहीण. स्वतःलाच शिव्या देत चाललो होतो.

मोठ्या चढाच्या अलीकडं गाठली. गाडी आडवी घालून सगळ्यांना खाली उतरवलं. दाजी लई चिडले. मी हातोडा घेऊन जोडावर घातला. दुसऱ्याच दणक्याला पाटा टाक्याच्या कडेनं तुटून रस्त्यावर पडला.

बहिणीनं लेकरू कडेवर घेतलं, पाट्याकडं बघितलं आन् विचारलं, "दादा, याच्या आधी असा पाटा कुणाकुणाला लावून दिलास?"

मला सहा ट्रॉल्या आठवल्या, मालकांसकट. सहाही गाठून जोड कापले, नव्यानं मारले, राखेत निवू दिले. सातवी लाल रंगाची होती. माणूस वाटंवरचा, गाव विचारलंच न्हाई. अजूनबी रस्त्यानं लाल ट्रॉली दिसली की मी गाडी आडवी घालतो.