कुंदाचे डायोड

साकीनाक्याच्या एका गाळ्यात पाकिटं सील करणाऱ्या मशीनचे बोर्ड बनायचे. कुंदाने सोल्डर केलेला बोर्ड कधी परत आला नव्हता. मालक अण्णा तिचं काम तपासतही नसत. आणि मग वसईच्या गिऱ्हाइकाने सगळेच बोर्ड परत धाडले. ट्रान्झिस्टर जळून कोळसा!

"ताई डायोड लावायलाच विसरली," विद्याधर सगळ्यांसमोर म्हणाला. "डोळे गेले तिचे आता."

हा विद्याधर कोण, तर बाहेर जाऊन मशीन बसवणारा, आणि दर भाऊबीजेला जोगेश्वरीला तिच्या घरी ओवाळून घेणारा! अण्णांनी तिला पॅकिंगला बसवलं.

अहो, डायोड विसरायचा म्हणजे काय? मशीनमधल्या कॉईलचा करंट तोडला की ती उलटा झटका मारते. डायोड तो झटका कॉईलमध्येच फिरवून जिरवतो, नाहीतर ट्रान्झिस्टरची वाट लागलीच. कुंदा हे झोपेतही सांगेल. तरी तिचं मन तिला खाऊ लागलं: खरंच विसरले की काय? भंगारात उरलेला एकच बोर्ड तिने दिव्याखाली धरला. डायोडचे दोन्ही पाय तिच्याच सोल्डरमध्ये शाबूत होते. मधला डायोड कुणीतरी कटरने उडवला होता.

विद्याधरला तिने जिन्यात गाठलं. "कुणी कापले रे?"

तो ओशाळला. "मीच गं. डायोड असला की कॉईल सुटायला उशीर लागतो ना. मशीन स्लो वाटत होती, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. कापले, तर झकास पळाली."

"आणि नाव माझं?"

"तुला अण्णा काढणार नाहीत, ताई. मला काढतील."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भाऊ मानलेला. बोर्ड त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "जा, तुझ्याच तोंडाने सांग."

तो केबिनमध्ये गेला आणि थोड्या वेळाने बाहेर आला. "सांगितलं गं सगळं." कुंदाचा जीव भांड्यात पडला. मेल्या, म्हणत तिने त्याला तिथल्या तिथे माफही करून टाकलं.

मग अण्णांनी तिला आत बोलावलं.

"कुंदा, उद्यापासून परत टेबलावर बस. विद्याधर अगदी हात जोडून म्हणाला, माणूस चुकतो, ताईला एक चान्स द्या. असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अण्णा, मी विसरले नव्हते."

"असू दे गं," अण्णा मायेने म्हणाले. "तोही म्हणाला, ती कबूल करणार नाही, तुम्ही रागावू नका."