जावयांचं तयार कोड

“माझं तयार आहे ते घे ना, परत कशाला लिहितोस?” बाहेरच्या खोलीत आमचे जावई ऑफिसातल्या मित्रावर खेकसत होते. मित्र म्हणाला, “दुसऱ्याचं उष्टं नको रे बाबा. बिघडलं तर शिव्या मलाच.” मी आत भाजी निवडत होते. याला बरीच वर्षं झाली.

जावई सॉफ्टवेअर कंपनीत. बिलं, पगार, तारखा यांचं कोड एकदाच नीट लिहावं आणि सगळ्यांनी तेच वापरावं, हा त्यांचा ध्यास. लोक ते न्यायचे, पण आपापली प्रत काढून त्यात मनासारखी ढवळाढवळ करायचे. मग जावयांनी केलेली दुरुस्ती त्या प्रतींपर्यंत पोचायचीच नाही. चूक जिथल्या तिथे, आणि बोल जावयांना. शेवटी साहेबांनी ते कामच बंद केलं, जावयांनाही घरी बसायला सांगितलं.

“आता तरी सोडा त्याचा नाद,” लेक म्हणाली. ते मान खाली घालून जेवत राहिले. इतकं खचलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तारखांच्या कोडमधली एक चूक दुरुस्त केली आणि नेहमीसारखं सगळ्यांना कळवलं, “सुधारलेलं ठेवलंय, घेऊन जा.”