पुनवेच्या कुर्ल्या

बी.ए. झालो तेव्हा काकांनी माझ्यासाठी सेक्रेटरिएटात कारकुनाची जागा हेरून ठेवली होती. मी ती घेतली नाही म्हणून ते कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुंबईत प्लेग यायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी मला आणखी वर्षभर फेलो म्हणून थांबायला सांगितलं होतं. फेलोचं काम म्हणजे खालच्या वर्गाला बेडूक कापून दाखवणं आणि बरण्या पुसणं. पण डॉक्टरांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. त्यांच्या फेलोने वर्षभर एकाच प्रश्नावर काम करायचं, दर शनिवारी त्यांना वही दाखवायची आणि शेवटी निबंध लिहायचा. निबंध पसंत पडला तरच ते एम.ए.साठी शिफारस करत.

"प्रश्न कुठला घेऊ?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तो तुम्ही आणायचा," डॉक्टर म्हणाले. "फक्त उत्तर ठाऊक असलेला आणू नका."

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. गिरगावातले त्यांचे निम्मे नातलग अजून त्यांच्या घरचं पाणी पीत नसत. आवाज हळू, बोलणं कमी. ते कधी रागावत नसत, तरी मला त्यांची भीती वाटे. कारण वही वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नसे.

प्रश्न मला घरातच सापडला. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गेल्यापासून गिरगावातल्या चाळीत आई आणि मी असे दोघेच होतो. एका रविवारी मी बाजारातून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घेऊन आलो, तर आईने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही.

"आज पुनव मा? पुनवेक कुर्ली कोण हाडता? भुतूर नुसता पाणी असता."

अमावास्येला कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मात्र मनात आलं, हे कोणी तोलून पाहिलं आहे का? आणि खरं असेल, तर चिखलातल्या बिळात बसलेल्या कुर्लीला चंद्राचं काय कळतं?

शनिवारी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "आमची आजीही हेच म्हणायची. करा."

आता कुर्ल्या हव्या होत्या, त्याही दर पंधरवड्याला आणि एकाच ठिकाणच्या. गिरगावच्या बाजारात शिवडीची एक कोळीण बसत असे. चाळिशीची, ठसठशीत, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. तिचा नवरा शिवडीच्या खाजणात, खाडीकाठच्या चिखलात, बिळांतून आकडीने कुर्ल्या ओढून काढायचा. कोळी लोक त्यांना चिंबोऱ्या म्हणतात. मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या कुर्ल्यांत किती फरक पडतो ते मला पाहायचं आहे, त्यावर निबंध लिहायचा आहे, तो चांगला उतरला तर पुढची परीक्षा. आपण किती व्यवस्थित बोललो, याचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं होतं.

"म्हंजी चिंबोरीवर पास व्हायाचं?" ती म्हणाली. "मंग तुमी काय काळजी करू नका, मास्तर. मी देते ना."

आणि तिने दिल्या. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला ओल्या गोणपाटाखाली झाकलेली टोपली माझ्यासाठी तयार असे. ती घेऊन मी कॉलेज गाठायचो. प्रत्येक कुर्ली जिवंत तोलायची, उकडायची, कवच फोडून मांस काढायचं, ते वेगळं तोलायचं, वहीत मांडायचं. उकडण्याचा वास जिनाभर पसरे. कॉलेजचा पट्टेवाला नाकाला उपरणं लावून फिरे, आणि आई म्हणे, "उकडून, तोलून उडवन देतंस? देवान तुका बरी बुद्धी दिली!"

पण आकडे असे येत होते की मला दुसरं काही सुचत नव्हतं. अमावास्या आली की मांस वाढे, पौर्णिमा आली की उतरे. महिन्यामागून महिने तेच. मी त्याचा आलेख काढला, तर भरती-ओहोटीसारखी सुरेख रेघ उठली. डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिली. शहरातल्या विद्वानांच्या एका सभेत हा निबंध वाचायचं त्यांनी ठरवलं, आणि तो मीच वाचावा असंही म्हणाले. त्या दिवशी मी भायखळ्यापर्यंत उगाचच ट्रामने जाऊन परत आलो. इतका आनंद घेऊन एकदम घरी कसं जायचं, कळेना.

सभेला महिनाभर राहिला असताना पौर्णिमेच्या सकाळी कोळीण बाजारात आली नाही. शेजारची म्हणाली, तिच्या पायात काटा मोडलाय, घरीच आहे. एकही पंधरवडा चुकवायचा नव्हता, म्हणून मी भायखळ्यापर्यंत ट्राम धरली आणि पुढे परळवरून, काळाचौकीच्या अंगाने चालत शिवडी गाठली.

ती अंगणात पाय लांब करून बसली होती. पायाला हळदीचा लेप होता. समोर नवऱ्याने नुकत्याच आणलेल्या, नांग्या बांधलेल्या कुर्ल्यांचा ढीग होता. मला बसायला पाट देऊन तिने काम चालू ठेवलं. एकेक कुर्ली उचलायची, हातात जोखायची, मागच्या पायाजवळ अंगठ्याने दाबायची आणि टाकायची. काही उजव्या टोपलीत, काही डाव्या.

मी सहज विचारलं, "बाय, ह्या दोन टोपल्या कशाला?"

"ही भरल्याली, ही पोकल."

"आज पौर्णिमा ना? मग भरलेल्या कशा?"

"असत्यात की थोड्या. दर वक्ताला दोनी असत्यात."

मी पाटावरून उठलो. "आणि माझी कुठली?"

तिने डाव्या टोपलीकडे बोट केलं. "ही. पुनव हाय ना! आवसेला तुमाला उजवी देते."

मी एकदा डाव्या टोपलीकडे, एकदा उजवीकडे पाहत राहिलो. तिला वाटलं, मला समजलं नाही. ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, "अवो, तुमीच बोलला ना, आवसेच्या भरल्या नि पुनवेच्या पोकल लिवायच्यात म्हून? मंग आवसेला येकादी पोकल गेली तर तुमी नापास व्हाल. मी येक बी जाऊ दिली नाय."

तिचा नवरा दारात जाळं विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "कात टाकली का चिंबोरी पोकल व्हते. आवस असो का पुनव."

मला तिच्यावर रागावता येईना. तिने माझ्यासाठी वर्षभर मेहनत घेतली होती, आणि मी तिला काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. "माझं काय चुकलं का, मास्तर?"

"नाही, बाय. माझं चुकलं," एवढंच म्हणालो आणि टोपली न घेता निघालो.

परत येताना ट्राम दिसली तरी चढलो नाही. शिवडीपासून गिरगावापर्यंत पायी आलो. वाटेत हिशेब एकच चालला होता: हे कोणाकोणाला ठाऊक आहे? कोळणीला, तिच्या नवऱ्याला आणि मला. ते दोघं सभेला येणार नव्हते. मी गप्प बसलो तर निबंध वाचला जाईल, लोक टाळ्या वाजवतील, डॉक्टर शिफारस लिहितील. हा विचार मी केला. केला नाही असं म्हणणार नाही. लालबागपासून भायखळ्यापर्यंत तोच करत होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो नाही. अंग दुखतंय असं आईला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही उठलो नाही, तेव्हा ती जवळ येऊन बसली. कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप नाय. काय झाला ता सांग." मग सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिने माझं पांघरूण काढून त्याची घडी घातली. शेवटी म्हणाली, "मगे जा नि सांग तेंका. घरात बसान काय होतला?"

डॉक्टर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. बसा म्हणायच्या आधीच मी बोलायला लागलो. दोन टोपल्या, अंगठ्याचा दाब, डावी, उजवी, सगळं. शेवटी म्हणालो, "वही निरुपयोगी आहे. मी काकांना सांगतो, ती जागा अजून असेल तर—"

"कुठली जागा?"

"कारकुनाची."

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "तुम्ही तिला सुरुवातीला काय सांगितलं होतंत?"

मी सांगितलं.

"हं." ते उठून खिडकीशी गेले. "तुमची रेघ पाहिली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, जिवंत प्राणी इतके आज्ञाधारक नसतात. तेव्हा मी विचारायला हवं होतं, या कुर्ल्या निवडतं कोण. माझं कामच ते होतं. विचारलं नाही, कारण मलाही ते खरं हवं होतं. आजीचं म्हणणं विलायतेतल्या लोकांपुढे मांडायला मिळालं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक तुमची एकट्याची नाही. बसा आता. मघापासून उभेच आहात."

मी स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. चोवीस वर्षांचा बाप्या, मिशा असलेला, बरण्यांच्या कपाटासमोर बसून रडत होतो. डॉक्टर पाठ करून बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले. त्यांनी तसं केलं, ते मी कधी विसरलो नाही. तीन दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, ते उतरलं. पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं, तरी उतरलं.

त्यांनी सभेला पत्र लिहून निबंध पुढे ढकलला आणि मला आणखी सहा महिने दिले. पुढच्या अमावास्येला ते स्वतः माझ्याबरोबर शिवडीला आले. ओहोटी होती. धोतर वर खोचून विलायतेचे डॉक्टर गुडघाभर चिखलात उतरले आणि कोळणीच्या नवऱ्याच्या मागे मागे प्रत्येक बीळ पाहत फिरले. एकदा तोल जाऊन बसलेच. कोळीण काठावरून ओरडली, "अवो, धरा रं त्यांना! मास्तरांचा मास्तर हाय तो!"

ठरलं ते असं. निघेल ती कुर्ली, लहान-मोठी, जड-हलकी, तशीच टोपलीत यायची. घरात कोणी हात लावायचा नाही. टोपली डॉक्टर ताब्यात घेणार, कुर्ल्या तोलून उकडणार, मांस आणि कवच बरण्यांत भरणार आणि बरण्यांवर नुसते आकडे घालणार. कुठली बरणी कुठल्या तिथीची, ते मला तोलून होईपर्यंत कळणार नाही. मला हे सगळं फार अवघड वाटलं होतं, पण खरं अवघड होतं ते कोळणीला पटवणं.

"म्हंजी पोकल बी घ्यायच्या? आवसेला?"

"हो."

"मंग तुमी पास कसं व्हनार?"

"खरं लिहिलं तर होईन."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. "मंग घ्या," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बंद पाकिटातली तिथींची यादी काढली आणि आम्ही दोघांनी टेबलावर आकडे जुळवले. सुरेख रेघ गेली होती. भरलेल्या आणि पोकळ कुर्ल्या दोन्ही तिथींना मिळत होत्या. पोकळ होत्या त्यांपैकी पुष्कळांची कवचं नवी, स्वच्छ, पातळ होती. नुकतीच कात टाकलेली. शिवडीच्या खाजणात तरी चंद्राचा हात आम्हाला दिसला नाही. इतर ठिकाणी, इतर ऋतूंत काय होतं, ते सांगता येत नाही, असं मी निबंधात लिहिलं. पहिल्या वर्षाची हकिकतही लिहिली, दोन टोपल्यांसकट. ती गाळावी का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तोच भाग लोकांच्या उपयोगी पडेल." चिंबोरी कात टाकल्यावर पोकळ होते, हे आम्हाला कोणी सांगितलं, तेही त्यांनी निबंधात घालायला लावलं.

सभेत फारसे लोक नव्हते. टाळ्याही जेमतेम वाजल्या. एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, त्यांचा अनुभव वेगळा आहे. मी म्हणालो, असेल. एवढ्यावर ते बसले. मला याहून पुष्कळ वाईटाची अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी शिफारशीच्या कागदावर सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो सदऱ्याच्या आत ठेवून घरी आलो, चटई पसरली आणि भर दुपारी, खाली रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट चालू असताना, गाढ झोपलो.