पबच्या भिंतीवरचा तिसरा फोटो

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त पोलीस लिहितो, तेव्हा पुढे बहुतेक वेळा स्वतःची पाठ थोपटून घेतलेली असते. इथे तसं काही नाही. प्रकरण उलगडलं, कागद पूर्ण झाले, फाईल बंद झाली. तरीही सबंध नोकरीतलं हे एकच प्रकरण असं आहे, की ते उलगडलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

मी तेव्हा कोकणातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. बदल्या टळत गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. आमच्या मिसिंग रजिस्टरला एक नोंद होती. दुबईत पब चालवणारा एक माणूस तिथूनच बेपत्ता झालेला. तक्रार त्याच्या बायकोची. आमच्याकडून पत्रव्यवहार झाला, तिकडून उत्तर आलं की हॉटेलने तो कामावरून फरार झाल्याचं नियमाप्रमाणे कळवलेलं आहे. त्याच्याच गावचा एक दोस्त त्या पबात होता. त्याचा फोनवर जबाब घेतला. त्याने सांगितलं, "तो ओमानला जातो म्हणाला आणि गेला. पुढचं मला माहीत नाही." झालं. परदेशात पळालेल्या माणसामागे तालुक्याचं ठाणं किती धावणार?

गावाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. तिकडे दुसरी केली असणार. ही कुजबुज त्या बाईच्या कानावर जात होती आणि ती ऐकून घेत होती. दर सोमवारी बाजाराला आली की ती ठाण्याच्या पायरीशी पिशवी ठेवायची, ठाणे अंमलदाराकडून पाणी मागून प्यायची आणि माझ्या दारात उभी राहायची.

"साहेब, काय कळलं?"

"नाही अजून."

"बरं. येते."

सात वर्षं उलटल्यावर मीच तिला समजावलं, की आता कोर्टात अर्ज करता येतो, माणूस मयत धरला जातो, पुढची कामं मोकळी होतात. ती म्हणाली, "म्हणजे मी माझ्या तोंडाने सांगू, की तो मेला म्हणून? तुम्ही शोधा साहेब. तो आहे." त्या दिवशी तिने पाणीही घेतलं नाही.

निवृत्तीला आठ महिने होते. शिल्लक रजा काढून, परदेशी जायची रीतसर परवानगी घेऊन, मी आणि माझी पत्नी मुलाकडे शारजाला गेलो. अल नहदात विसाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. रस्त्याच्या पलीकडे दुबई, अलीकडे शारजा. दिवसभर बाल्कनीत बसून गाड्यांच्या रांगा मोजायच्या, एवढंच काम. पोलीस माणसाला रजा मानवत नाही हेच खरं.

एका शनिवारी सकाळी पोहे खाताना मुलगा फोनमधले फोटो दाखवत होता. त्याच्या ऑफिसातला कुणी नोकरी सोडून चालला होता, त्याची पार्टी बुर दुबईतल्या एका जुन्या हॉटेलच्या पबात झाली होती. माणसांच्या डोक्यांवर, मागच्या भिंतीवर, तीन फ्रेम दिसत होत्या.

"हा जरा मोठा कर."

"बाबा, प्लीज. सुट्टीवर आहात ना तुम्ही?"

"मोठा कर म्हणतो ना."

तिसऱ्या फ्रेममधला चेहरा मी सात वर्षं फाईलमध्ये पाहत होतो. डाव्या भुवईवर खोक, ओठावर पूर्ण उतरलेली मिशी. त्या फ्रेमला चंदनाचा हार घातलेला होता. बाकी दोन मोकळ्या.

नात मांडीवर येऊन बसली. "आजोबा, हू इज ही?"

"ओळखीचे आहेत," मी म्हटलं. पोहे तसेच राहिले.

सोमवारी दुपारी मी एकटाच टॅक्सीने तिथे गेलो. अल मनखूलच्या जवळ, मागच्या गल्लीत ते हॉटेल होतं. अंगावर वर्दी नाही, हातात समन्स नाही. तिथे मी कोण? व्हिजिट व्हिसावर आलेला एक म्हातारा. चौकशीचा मला तसूभर अधिकार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण गप्पा मारायला अधिकार लागत नाही.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत थंडगार काळोख. चारच्या सुमाराला गिऱ्हाईक नव्हतं. लांबलचक सागवानी काउंटर, पितळी घंटा, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली क्रिकेटची जुनी मॅच. काउंटरमागे पन्नाशीचा, केस रंगवलेला माणूस ग्लास पुसत होता. फोनवर ऐकलेला आवाज मी लगेच ओळखला. मी मराठीत बोललो तसा तो खुलला. लिंबू सोडा त्याने स्वतःहून पुढे केला.

चौकशीत मी एक गोष्ट शिकलोय. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो आवळून बसतो, इतिहासाबद्दल विचारलं की सैल होतो. मी म्हटलं, "जागा जुनी दिसते."

"जुनी म्हणजे काय साहेब! इकडे टॉवर नव्हते तेव्हापासूनची." आणि तो सुरू झाला.

पब हॉटेलचाच, पण चालवायला दिलेला. चालवणाऱ्यालाच सगळे मालक म्हणायचे. पहिला मालक इंग्रज. जहाजावरचा इंजिनियर. जहाज दुरुस्तीला थांबलं, ते गेलं, हा राहिला. काउंटर त्याने करवून घेतलं, घंटाही त्याचीच. रीतही त्यानेच पाडली, की मालक जाताना आपला फोटो भिंतीवर आपल्या हाताने लावेल, घंटा वाजवेल आणि मग दाराबाहेर पडेल. दुसरा मालक गोव्याचा, इंग्रजाच्या हाताखाली तयार झालेला. त्याने शुक्रवारची फिश करी सुरू केली. तिसरा आपल्याकडचा. त्याच्या वेळी भरलेला बांगडा आला आणि टायवाले ऑफिसर अन् साइटवरचे फोरमन एकाच काउंटरला बसायला लागले. तिसऱ्याबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली आला. चौथा मालक तो स्वतः.

"इंग्रज आहे का अजून?"

"नाही हो. कधीच वारला बिचारा, त्याच्या देशात."

"आणि गोव्याचा? तो पण गेला असेल."

"छे! ठणठणीत आहे. म्हापशात असतो. व्हॉट्सअ‍ॅप करतो रोज सकाळी, गुड मॉर्निंग म्हणून."

"मग त्याच्या फोटोला हार का नाही?"

"काय साहेब," तो हसला, "इंग्रजाचं सोडा, त्यांच्यात हार नसतो. पण जिवंत माणसाच्या फोटोला हार कोण घालतं?"

मी सोड्याचा ग्लास बाजूला ठेवला आणि तिसऱ्या फोटोकडे बघत राहिलो. त्यानेही मान वळवून तिकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातातलं फडकं काउंटरवर पडलं.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

मी ठाण्याचं नाव सांगितलं. फोनवर त्याचा जबाब मीच घेतला होता, हेही सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देईल. त्याला तसा पूर्ण हक्क होता. पण तो स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "खलास. बरं झालं."

त्याची हकीकत अशी. तेव्हा त्याचा व्हिसा संपून दोन वर्षं झाली होती. आधीच्या कंपनीने वाऱ्यावर सोडलं होतं. तिसऱ्या मालकाने, गावचा म्हणून, स्वतःवर जोखीम घेऊन त्याला पबाच्या कोठीच्या खोलीत ठेवलं, किचनला लावलं. शुक्रवारी सकाळी दोघं गळ घेऊन समुद्रावर जायचे. कोकणचा माणूस, माशाशिवाय सुट्टी कशी साजरी करणार? लाटा अडवायला काँक्रीटचे मोठे ठोकळे टाकलेले असतात, त्यावर बसायचे. त्या शुक्रवारी मालकाचा पाय घसरला आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत मांडीपर्यंत अडकला. भरती लागलेली. याने ओढून पाहिलं, जमेना. लांबवर रस्त्याला गार्डची केबिन होती. "मदत आणतो," म्हणून हा धावला.

"केबिनपाशी पोलीसची गाडी उभी होती साहेब, काचा बंद, एसी चालू. समोर. दहा पावलांवर. त्यांना सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काढला असता त्याला. पण इकडे पोलीस पहिलं काय विचारतात? आयडी दिखाओ. माझ्याकडे काय होतं? मी उभा राहिलो. पाय उचलेना. मग पाय उचलला तो दुसरीकडेच. सरळ बस स्टॉपला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तो माझं नाव घेऊन हाका मारत होता. रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या."

दुपारी तो परत गेला तेव्हा ठोकळे पाण्याखाली होते. तिथे कुणी नव्हतं. पुढे कधी काही सापडलं नाही. काही महिन्यांनी सरकारने विनापरवाना राहणाऱ्यांना माफी दिली, याचे कागद सरळ झाले आणि गिऱ्हाईकं ओळखतो म्हणून हॉटेलने पब यालाच चालवायला दिला. ज्या कागदांपायी दोस्त मेला, ते थोड्या महिन्यांनी फुकट मिळाले. हे त्यानेच म्हटलं, मी नाही.

"फोटो मी लावला. त्याची पाळी होती ना. हार मात्र दोन वर्षं घातला नव्हता. मग पितृपक्षात राहवेना. त्याचं कुणी काही केलंच नव्हतं. गिऱ्हाईक काय बघतंय, म्हटलं घालून टाकू."

सात वर्षं कुणाच्या लक्षात न आलेला हा माणूस श्रद्धेपोटी सापडला. माझ्या अनुभवात चोर लोभाने जितके सापडतात, तितकेच असल्या गोष्टींनी सापडतात. मला त्याचा राग यायला हवा होता. नोकरीत राग कामाला येतो. त्या दुपारी तो आलाच नाही.

मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि हकीकत लिहून काढली. हात सवयीने चालला. प्रत्येक जबाबाच्या शेवटी आम्ही लिहितो, की हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तेही लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायाने तिथल्या पोलिसांकडे गेला. मी सोबत होतो. दुभाषी होता. पुढे त्याचं त्यांच्या कायद्याने जे व्हायचं ते झालं. त्यांनी बेवारस मृतदेहांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. एकही जुळली नाही.

माझी रजा संपायच्या आत पबात पाचवा मालक आला. भिंतीवर मोठ्या टीव्हीसाठी जागा करत होता. तिन्ही फ्रेम खाली, जिन्याला टेकवून ठेवलेल्या. मी तिसरी मागितली. "ले जाइए अंकल," तो म्हणाला, "मैं तो फेंकनेवाला था." चौथ्याचा फोटो लागलाच नाही. घंटा कुणी वाजवली नाही.

परत रुजू झाल्यावर पहिल्याच सोमवारी ती आली. पिशवी पायरीशी ठेवली, पाणी प्यायली, दारात उभी राहिली. मी तिला आत बसवलं. महिला हवालदाराला शेजारी उभं केलं. आणि मग मी ती चूक केली, जी फक्त पोलीसच करू शकतो. फाईल निकाली काढायची तर नातेवाइकाला हकीकत कळवून सही घ्यावी लागते. मी तो जबाब हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सवयीने. एक शब्द गाळला नाही. "तो माझं नाव घेऊन हाका मारत होता, त्या मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या," हेही वाचलं. तोंडी सांगितलं असतं, की पाण्यात गेला, लगेच गेला, तरी फाईल बंद झालीच असती.

ती रडली नाही. तिने विचारलं, "रस्ता किती लांब होता, साहेब?"

मी म्हटलं, "माहीत नाही." मला माहीत होतं. जाऊन, चालून बघितलं होतं.

तिने सही केली. मी फ्रेम पुढे केली. तिने पदराने काच पुसली, हार काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि फ्रेम पिशवीत भाजीवर आडवी घातली. जाताना म्हणाली, "लोक म्हणायचे, दुसरी केली. मी देवाला रोज सांगायचे, तसं असलं तरी चालेल. कुठेतरी जेवत असेल, एवढं पुरे. आता ते पण नाही."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं हा लेख मागणाऱ्या संपादकांनी विचारलंय. खरं शोधून काढणं हे आमचं काम, एवढंच मी नोकरीभर मानत आलो. ते ज्याच्या हातात द्यायचं त्याच्या अंगात ते पेलायचं बळ आहे का, हे विचारायचा रकाना आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता, आणि माझ्याही मनात नव्हता. शिकलो, पण तिच्या जिवावर. असलं शिकणं काय कामाचं?

पुढचे सात महिने, निवृत्त होईपर्यंत, मी दर सोमवारी खिडकीतून बघायचो. ती बाजाराला यायची. पिशवी घेऊन ठाण्यासमोरून जायची. ठाणे अंमलदार तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. ती थांबली नाही. तिच्याकडे आठवड्यातून एकदा विचारायला एक प्रश्न होता, तो मी काढून घेतला होता.