दोनदा तपासलेले व्याही

आता हे कोणत्या तोंडाने सांगू? पण तुमचा चहा घेतलाय, तर सांगतोच. स्वतःच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्याच रक्ताच्या एका थेंबाने मोडायला निघालो होतो!

मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला. माझा नियम अख्ख्या खात्याला पाठ : तपासल्याशिवाय नग आत घ्यायचा नाही, आणि एकदा पास झालेला नग पुन्हा हातात धरायचा नाही.

माझ्या शोभाला रहाटणीचं स्थळ आलं. मुलगा रामदास, टर्नर, सोन्यासारखा. त्याचे वडील तात्या, कांदा पिकवणारे. मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं, सुपारी फोडायची तेवढी राहिली. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? गप्प बसतो. पण मी नुकतीच एक आरोग्याची पुस्तिका वाचली होती! लग्नाआधी उपदंशासाठी रक्त तपासावं, असं तीत लिहिलं होतं. भर बैठकीत मी म्हणालो, "तात्या, पत्रिका राहू द्या. मुलाचं रक्त तपासून घेऊ."

"कशापायी?"

"गरमी नाही ना, एवढंच."

आत बायकोने भांडं आपटलं. तात्या मात्र शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "व्हय की. पन चाकणच्या बाजारात दुसऱ्याच्या बैलाचं दात बघनाऱ्यानं आपल्या बैलाचं बी दाखवावं. पोराबरुबर तुमचं रगत बी द्या, पावनं."

"अहो, आनंदाने!"

हा आत्मविश्वास बघा!

चिंचवड स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे रामदासने आणि मी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी निकालाला मी तात्यांना घेऊन गेलो, वर बायकोलाही. डॉक्टर म्हणाले, "एकेकाला आत बोलावतो."

"छे छे, आम्ही आता घरचेच. सगळ्यांसमोर दाखवा."

ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने!

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. खरं सांगतो, त्या भिंगाला डोळा लावला आणि मी जग विसरलो. रक्तावर साचलेलं पिवळसर पाणी, त्यात औषधाचा एक थेंब, आणि पहाटेच्या धुक्यासारखे सारखे पसरलेले कण. हा रामदासचा. काही दोष नाही. आयुष्यभर मी लोखंड मोजलं, केसाएवढा फरक पकडला. पण लोखंड कधी आपणहून बोललं नाही. इथे एक थेंब माणसाची सगळी हकीकत सांगत होता! हात जोडायचे तेवढे राहिले होते.

"आता हा बघा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या काचेवर तेच कण एकमेकांना बिलगले होते. पुंजकेच पुंजके. आकाशात चांदण्या दाटाव्यात तसे!

"वा! काय सुंदर! हा कोणाचा?"

"तुमचा. आणि हे सुंदर नाही. पुंजके म्हणजे गरमीची खूण."

तात्यांनी भिंगाला डोळा लावला, पुंजके पाहिले, टोपी नीट केली आणि सायकलवर बसून निघून गेले. बायको त्यांच्या आधीच बाहेर पडली होती.

डॉक्टरांनी मला खाली बसवलं. "अलीकडे ताप आला होता?"

"श्रावणात मलेरिया झाला होता."

"मग बहुधा त्याचंच. मलेरियानंतर रक्त कधी कधी अशी खोटी साक्ष देतं. काही आठवड्यांनी पुन्हा बघू."

मी थक्क! तो ताप मी केव्हाच विसरलो होतो. रक्त विसरलं नव्हतं.

हे सगळं मी बाहेर थांबलेल्या बायकोला रस्ताभर समजावलं. घराचं कुलूप काढताना ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं रात्रपाळी कंपनीतच होती ना?"

"अगं, डास चावला होता!"

"हो का? काय नाव डासाचं?"

त्या दिवशी रोजनिशीत मी फक्त हवामान लिहिलं.

तात्यांचा निरोप येईना. शोभा जेवताना माझ्याकडे बघेना. ताटात भात तसाच टाकून उठायची. पोरीचं सोन्यासारखं स्थळ माझ्या शहाणपणापायी गेलं, या विचाराने मीही तिच्या पाठोपाठ उठायचो.

अखेर दुसरी तपासणी झाली. भिंगाखाली पुंजके नव्हते, नुसतं धुकं! मी निकालाचा कागद खिशात घातला आणि सायकल हाणत रहाटणी गाठली. तात्या शेतात होते.

"तात्या, मलेरियाच होता हो! आता काही नाही. लग्न मोडू नका."

"मोडतंय कोन? आमी तुमची पोरगी नेतोय, तुमाला न्हाई! कांदा काढाय चाललाय, म्हून यायचं झालं न्हाई." मग त्यांनी हात पुढे केला. "त्यो कागद द्या हिकडं."

कागद कशाला हवा, हे मी विचारायला नको होतं का? पण आनंदात देऊन टाकला.

लग्न थाटात लागलं. माझं सगळं खातं पंगतीला बसलं होतं. तेवढ्यात तात्यांनी लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला आणि तो कागद उंच धरला.

"मंडळी, आमचं व्याही लई चोख मानूस! गरमी न्हाई त्यास्नी! एकदा न्हाई, दोनदा तपासून घेतलंय!"

सगळी पंगत हातात घास धरून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या पाटावरचा आमच्या खात्यातला शिंदे माझ्या कानाशी वाकला.

"राव, नियम तुमचाच ना? पहिल्यांदा पास झालेला नग दुसऱ्यांदा कोण तपासतंय?"