पणजोबांचं आग्रहाचं निमंत्रण

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्ये मी थांबणार नाही. आमच्या घरातल्या लग्नाला एका मेलेल्या माणसाने अख्ख्या मुठा खोऱ्याला जेवायला बोलावलं होतं. आणि ते माझ्यामुळे!

भूतबीत काही नाही हो. होता तो एक जुना संगणक.

हिंजवडीत रोज एक नवी काचेची इमारत उगवत होती, त्या दिवसांतली गोष्ट. मी नुकतीच कॅनडाहून परतले होते. वडील फौजेत, त्यामुळे शाळा दार्जिलिंगला, कॉलेज थेट कॅनडात. गाव भेटायचं ते फक्त मे महिन्यात. आणि मी परतले कशासाठी? नोकरीसाठी? छे! गाव बदलायला! गावाने बदल मागितला नव्हता, पण माझ्यासारख्यांना तेवढ्याने काय फरक पडतो? काका-काकूंकडे बॅगा टाकल्या आणि बदलण्याजोगं काय आहे ते शोधू लागले.

पहिल्याच दिवशी सापडलं. माजघरात, काकूंच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं. हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला संगणक काकांनी उचलून आणला होता. एकेकाळी पांढरा असावा; आता हळद लावून बोहल्यावर बसवल्यासारखा दिसत होता. त्याचं बटण दाबून काकू चहा टाकायच्या. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला की पडद्यावर विंडोज ९८ चे ढग यायचे.

आणि त्यावर होतं काय? पत्त्यांचा खेळ, एक आरती आणि मराठी टाइप करायचा कुठलासा पुरातन प्रोग्राम. संपलं!

"काका, यावर एकही आवश्यक सॉफ्टवेअर नाही!"

"माजं समदं भागतंय की गं."

"भागणं म्हणजे प्रगती नव्हे, काका!"

काका गप्प बसले. माझ्या अशा वाक्यांनंतर घरातले सगळे गप्पच बसायचे. मला वाटायचं, पटलं.

आता त्या घरात त्या वेळी काय शिजत होतं ते ऐका. काकांच्या मुलीचं, म्हणजे आमच्या सुवर्णाचं लग्न ठरलं होतं. आमचं अंगण उताराचं, मांडव बसेना. सपाट रान एकाचंच, हरिभाऊ आबांचं. आबा म्हणजे भावकीतले सर्वांत वडील आणि सर्वांत रागीट. सुवर्णाच्या भावाच्या लग्नात पत्रिकेवर आबांचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी खाली छापलं गेलं, तेव्हापासून त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. काकांनी हातापाया पडून त्यांना वळवलं. बैठकांवर बैठका झाल्या, आणि ठरलं: निमंत्रकांत पहिलं नाव आबांचं. मग त्याखाली कोण, त्याखाली कोण, ते तर दोन देशांच्या सरहद्दीसारखं आखून घेतलं. तरच रान, तरच मांडव.

ही ठरलेली पत्रिका काकांनी स्वतः एका बोटाने टाइप करून ठेवली होती. कुठे? त्याच हळदीच्या नवरदेवात!

काका दोन दिवस मुलाकडच्या गावी गेले आणि मी कामाला लागले. जुन्या यंत्रावर विंडोजच्या जागी हलकंफुलकं चालेल असं लिनक्स मी कॅनडाहूनच सीडीवर आणलं होतं. सोबत लिहिण्याचं, हिशेबाच्या तक्त्यांचं, इंटरनेटचं, सुरक्षेचं, सगळं आवश्यक सॉफ्टवेअर. इंटरनेट गावात नव्हतं, पण आलं तर तयारी असावी! आणि मी काही अडाणी नव्हते हं, पत्रिकेची फाइल आधी फ्लॉपीवर काढून घेतली. मग डिस्क साफ केली. ढग गेले, पत्ते गेले, आरती गेली. नवं यंत्र अर्ध्या चहात सुरू झालं! मी माजघरात एकटीच नाचले.

मग फ्लॉपी घातली, फाइल उघडली.

भिंतीवर गोवऱ्या थापाव्यात तशा नुसत्या चौकटी! रांगेने चौकटी! पत्रिका त्या पुरातन प्रोग्रामची, अक्षरंही त्याचीच. तो गेला, अक्षरंही गेली.

घाबरले का? मुळीच नाही. उच्चशिक्षित माणूस घाबरत नाही, तो पुढची चूक करतो. काकू अंगणात कुरडया घालत होत्या. मी वही न घेता संगणकच दाराशी ओढला.

"काकू, पत्रिकेतली नावं सांगा."

"आगं, आदी कै. घ्यायचं, मग श्री., मग..."

"फक्त नावं सांगा. बाकीचं संगणक बघेल."

काकू हात पिठात, डोकं स्वयंपाकात, आठवतील तशी नावं सांगत सुटल्या. जिवंत, मेलेले, रांगणारे, सगळे. मी एकाखाली एक तक्त्यात भरले. पण क्रम? तो काकूंना आठवेना, आणि मला तर तो मुळातच पसंत नव्हता. अमका वर, तमका खाली, कशाला? सरळ अकारविल्हे लावू! कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. त्याच झपाट्यात श्री., सौ., चि., माजी सरपंच, चेअरमन, साऱ्या पदव्या उडवल्या. एक बटण दाबलं आणि आमच्या भावकीत समता आली. एवढं सोपं होतं बघा!

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घेऊन पौडला छापखान्यात. मालकांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ताई, हे आसंच छापायचं?"

"असंच. कुणीतरी सुरुवात करायलाच हवी."

"मंग शाई तुमची, कागद तुमचा," ते म्हणाले आणि यंत्र सुरू केलं.

काका परतले तर पत्रिका तयार, पाकिटात घालून चिकटवलेल्या! काकांचे डोळे भरून आले. "पोरगी कामाची हाय," ते काकूंना म्हणाले. पाकीट त्यांनी फोडलं नाही, कारण त्यांचा नेम असा: पहिली पत्रिका ग्रामदैवताला, दुसरी आबांना, मग बाकी जग. मी मात्र तेवढ्यात दोन गठ्ठे दुधाच्या गाडीवरून वरच्या वाड्यांना रवाना करून टाकले होते. कामाची पोरगी ना!

देवाने काही म्हटलं नाही. आम्ही आबांकडे गेलो.

आबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. जवळचं दिसत नाही म्हणून त्यांनी सुनेला, मंदावहिनींना हाक मारली. "वाच गं. निमंत्रकापासनं वाच." आणि ताठ होऊन बसले, फोटो काढायला बसतात तसे.

"निमंत्रक," वहिनी म्हणाल्या आणि अडखळल्या. "अथर्व."

"कोन अथर्व?"

"आमचा नातू," काकू पुटपुटल्या. "रांगतुया अजून."

"ऱ्हाऊ दे. पुढं?"

"अर्जुनराव."

अडकित्ता थांबला. "अर्जुनराव म्हंजी आपला आज्जा? आरं, त्येला मी सोताच्या खांद्यावरनं पोचवलाय! त्यो कुटनं बोलवतुया?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पदव्यांबरोबर मी पणजोबांचं कै.सुद्धा काढलं होतं.

"काय म्हंतुया त्यो?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "जेवायला अवश्य यावे, म्हंत्यात."

"कुटं? त्येच्याकडं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कॅनडात पाहिलेल्या हिमवादळापेक्षा थंड होती. वहिनी वाचत राहिल्या. क गेला, ग गेला, तुकाराम म्हणजे खुद्द काका गेले, र गेला, स गेला. प्रत्येक नावानिशी आबांची मान थोडी पुढे यायची आणि मागे जायची. अखेर वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "हरिभाऊ."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुक्या," आबा म्हणाले, "मांडवाचं वासं उचल माज्या रानातनं."

काका हात जोडून उभे राहिले. सुवर्णाचं लग्न माझ्या एका बटणाने रस्त्यावर आलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? पाय धरतो. मी काय केलं? भाषण!

"आबा, यात अपमान नाही. ही समता आहे! इथे मोठं कुणी नाही, लहान कुणी नाही. म्हणून तर मी सगळ्यांच्या पदव्या काढल्या!"

"मामंजी," वहिनी मध्येच म्हणाल्या, "खाली अजून एक ओळ हाय. चौकटीत. जाड अक्षरात."

"वाच."

"संकल्पना व संगणकीय मांडणी : कु. मेघना, एम. एस., कॅनडा."

आता सांगा, जमीन दुभंगायला कधी कधी इतका उशीर का करते?

आबा माझ्याकडे बघत राहिले. "समद्यांच्या काडल्यास व्हय? मेलेल्याचं कै. बी सोडलं न्हाईस. आन् तुजी कॅनडा तेवडी ऱ्हायली?"

आणि मग आबा हसले. असे हसले की सुपारी घशात गेली आणि वहिनींना पाठ थोपटावी लागली. "तुक्या, म्या शेवटचा न्हाई रं! माज्या खाली तुजी पुतनी हाय! ऱ्हाऊ दे मांडव."

शिक्षा मात्र झालीच. नवी पत्रिका काका सांगतील तशी छापायची, आणि जिथे जिथे जुनी पोचली, तिथे आबांच्या फटफटीवर मागे बसून जायचं आणि सांगायचं, "पणजोबा खरंच गेलेत, ते लग्नाला येणार नाहीत." एका वाडीत एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलंच. जित्तेपनी कंदी च्या पाजला न्हाई, आन् आता जेवान?"

लग्न दणक्यात झालं, आबांच्या रानात. संगणकावर विंडोज ९८ परत चढली. काकांच्या लेखी आवश्यक सॉफ्टवेअर म्हणजे मराठी अक्षरं आणि पत्ते. ते आधी टाकून घेतलं, मगच त्यांनी मला चहा विचारला.

पुढच्या वर्षी आबांच्या नातवाचं लग्न निघालं. पत्रिका घेऊन आबा स्वतः आले, आमच्या घरात, उंबरा ओलांडून. "तुजं नाव घातलंय," म्हणाले. "पदवीसकट."

मी खूश होऊन निमंत्रकांत शोधलं. नव्हतं. व्यवस्थापकांत नव्हतं. मग अगदी तळाला, दोन पोपटांच्या चित्रांमध्ये ते सापडलं:

"आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं! – चि. अथर्व, कु. परी, कु. मेघना (एम. एस., कॅनडा)."

आणि हो, अकारविल्हे!