भेटवहीतल्या तीन सह्या

सेवेतल्या बऱ्याच तपासांची आता डोक्यात सरमिसळ होते. त्या मुलीचा जबाब मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष. माझी निम्मी माणसं टँकर आणि चारा छावण्यांच्या बंदोबस्तावर असायची. अशात एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा अर्ज आला. विद्यार्थिनीने प्राध्यापकांची खोटी सही करून आठ श्रेयांक मिळवले, गुन्हा दाखल करावा.

श्रेयांकांचं प्रकरण मला आधी समजून घ्यावं लागलं. मुलगी पदवी आणि पदव्युत्तर अशा पाच वर्षांच्या जोड अभ्यासक्रमाला होती. तीन वर्षं झाली आणि महाविद्यालयाने पुढची दोन वर्षं बंद केली. तिला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जागा मिळाली. इथले श्रेयांक तिथे जमा झाले, तरच ती चौथ्या वर्षाला बसणार होती. विद्यापीठाने तिच्या क्षेत्रकार्याच्या दाखल्याची खातरजमा मागितली. दाखल्यावर ज्यांची सही होती, त्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी लिहून दिलं, ‘सही माझी नाही.’ प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर होती.

महिला शिपायाला बसवून मी मुलीचा जबाब घेतला. सोबत गुरं राखणारा बाप होता.

“सही कोणी केली?”

“सरांनीच, माझ्यासमोर.”

“मग ते नाही का म्हणतात?”

“ते मला बी कळंना साहेब. मी खोटं कावून बोलू? क्षेत्रकार्याला बाहेरगावी जायचं व्हतं, पण आमची जनावरं छावणीत आन् आई आजारी. सर म्हणले, छावणीतच कर. जनावरांच्या आजारांच्या नोंदी ठेव, श्रेयांक भेटतील. चार महिने रोज लिवलं.”

बाप मध्येच म्हणाला, “साहेब, पोरगी लई हुशार हाय. तिच्या नावाला डाग नका लावू.”

प्राध्यापक तिशीचे, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होते.

“ही सही तुमची?”

“नाही. आणि त्या छावणीत मी कधी गेलोच नाही.”

दाखल्यात फक्त ‘क्षेत्रकार्य पूर्ण’ एवढंच होतं. छावणीचा विषय मी काढला नव्हता. न विचारलेल्या गोष्टीचा माणूस इन्कार करतो, तेव्हा तिथेच खोदावं. मी त्यांना जाऊ दिलं.

ते गेल्यावर आमचे हवालदार दारातून आत आले. “साहेब, माझ्या भावाच्या म्हशी त्याच छावणीत व्हत्या. हे सर मोटरसायकलवर यायचे. म्या पाह्यलंय.”

छावणी एका सहकारी संस्थेने चालवली होती. कार्यालयातल्या कपाटात भेटवही मिळाली. तहसीलदार, पशुवैद्यक, पुढारी, सगळ्यांच्या नोंदी होत्या. त्यांतच तीन ठिकाणी ‘विद्यार्थिनीचे काम पाहिले’ आणि खाली दाखल्यावरचीच ती वळणदार सही. वही पंचनाम्यावर ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी वही प्राध्यापकांसमोर उघडून ठेवली. त्यांनी तिन्ही नोंदी वाचल्या. पाणी मागितलं, प्यायले.

“सही माझीच आहे. छावणीतल्या कामाला आधी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची परवानगी लागते. ती मी घेतलीच नाही. मुलीला मात्र बेधडक सांगितलं, चालतं म्हणून. विचारणा आली आणि घाबरलो. मी तासिका तत्त्वावर आहे साहेब, यंदा कायम होणार होतो.”

“आणि ती?”

त्यांनी कागद मागितला. मग स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला.

बाहेर बाकावर मुलगी आणि बाप बसले होते. प्राध्यापक त्यांच्यासमोर उभे राहिले. “चुकलं माझं,” म्हणाले. मुलगी रडली. बाप म्हणाला, “सर, तुमी शिकवलं म्हनून ती इथवर आली. पर आमाला ठान्यात आनलं तुमी.”

माझा अहवाल आणि तो जबाब घेऊन प्राचार्य स्वतः विद्यापीठात गेले. तिथे मुलीच्या नोंदवह्या तपासल्या, तोंडी परीक्षा घेतली. आठपैकी सहा श्रेयांक मिळाले, मुदतीत प्रवेशही झाला. उरलेले दोन तिने चौथ्या वर्षात पूर्ण केले. मी तो अर्ज निकाली काढला. प्राध्यापकांची नेमणूक पुढे वाढली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात तीन वेळा तेवढ्या धुळीतून तो एका मुलीचं काम पाहायला गेला होता.

पोलीस म्हणून मी खोटं पकडायला शिकलो होतो. त्या प्रकरणानंतर खोटं बोलणाऱ्याला मी आधी एक प्रश्न विचारू लागलो, तुम्हाला भीती कशाची वाटते? बरेच जण त्यावर खरं बोलले.